तारीख पडलेला चहा

सोमवार, २ मार्च

अगं,

फोन उचलायचा नाही असंच ठरवलं असशील तर निदान ताईला एखादं नवीन कारण तरी शिकव. सकाळी केला तर 'ती आंघोळीला गेलीय', दुपारी केला तरी 'ती आंघोळीला गेलीय'. काल संध्याकाळी तर मी तोंड उघडायच्या आतच तिनं 'आंघोळीला' म्हणून फोन ठेवून दिला. तुझ्या बहिणीकडे पाण्याचा एवढा सुकाळ असेल असं वाटलं नव्हतं. म्हणून हे पत्र. पत्राला तुझी आंघोळ आटपेपर्यंत थांबता येतं.

इकडे सगळं झकास आहे. कोर्टाचं कॅन्टीन कोर्टासारखंच, कुणी असो-नसो चालतंच. चहा मी करतो. लोक पितात. शुक्रवारी थोरल्या वकिलांनी दोन घोट घेतले, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मालक, आज काहीतरी वेगळं आहे." मी म्हटलं, "आज माझा हात आहे." ते म्हणाले, "ते कळलं." आणि त्यांना एकदम घाई झाली. त्यांचं काम जेवणाच्या सुट्टीनंतर होतं, पण वकील माणसाचं काय सांगावं.

एवढंच कळव, गाळणं कुठे ठेवतेस? सध्या मी रुमालातून गाळतोय. धुतलेला आहे. आणि पत्ती पाण्याला उकळी येण्याआधी टाकतेस की नंतर? मला माहीत आहे, नुसती खात्री करून घेतोय.

आता त्या दिवसाचं. तू फारच मनाला लावून घेतलंस. बदली झालेल्या साहेबांचा निरोप समारंभ, तोही आपल्याच कॅन्टीनमध्ये. साहेब म्हणाले, इथला चहा आणि इथल्या गप्पा मी विसरणार नाही. मग मला दोन शब्द बोलायला लावलं. माझे दोन शब्द किती असतात ते तुला ठाऊक आहे. ओघात निघून गेलं तोंडातून, "साहेब, चहाचं काय घेऊन बसलात, पाणी तापवता आलं की झाला चहा. लोक येतात ते या तोंडासाठी." लोक हसले. समारंभात हशा लागतोच. तू मधल्या खिडकीपलीकडे शेगडीपाशी असशील हे माझ्या ध्यानात कसं येणार? तू तिथे रोजच असतेस, म्हणून तर ध्यानात येत नाहीस.

तर तू बाहेर आलीस, ॲप्रन काढून गल्ल्यावर ठेवलास आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, "मग उद्यापासून गप्पाच उकळून द्या." त्यावर माझ्यापेक्षा मोठा हशा झाला. मला तो तितकासा आवडला नाही, पण असो.

राग गेला असेल तर ये. गेला नसेल तर घेऊन ये, इथे दोघं मिळून बघू त्याचं काय करायचं ते.

तुझा,
अहो


मंगळवार, १० मार्च

अगं,

हा घुम्या कोण?

साडूभाऊंनी काल फोन केला होता. निमित्त काहीतरी सांधेदुखीचं औषध विचारायचं होतं, पण सगळं बोलणं झाल्यावर सहज सांगितल्यासारखं म्हणाले, "तुमची मंडळी आमच्या डेपोच्या कॅन्टीनमध्ये छान रुळली हो. घुम्या खूश आहे." मी म्हटलं, कोण घुम्या? तेव्हा कळलं की तू ताईकडे विश्रांतीला गेलेली नाहीस. तू बसडेपोत जातेस. तिथलं कॅन्टीन कुणा एका माणसाचं आहे, तो दिवसभरात चार शब्द बोलत नाही म्हणून ड्रायव्हर-कंडक्टरांनी त्याचं नाव घुम्या ठेवलंय. बायको वारलेली आहे. निर्व्यसनी आहे. डोक्यावरचे केस शाबूत आहेत. हे सगळं साडूभाऊंनी न विचारता सांगितलं. केसांचं तेवढं मी विचारलं.

मला सांग, न बोलणाऱ्या माणसाबरोबर माणूस दिवस कसा काढतो? बोलणाऱ्याचं पाणी जोखता येतं. जो तोंडात गुळणी धरून बसलाय, त्याच्या मनात काय शिजतंय हे कुणाला कळायचं? मी घरात बडबड करतो, कॅन्टीनमध्ये बडबड करतो, झोपेतही करतो असं तू म्हणतेस. म्हणजे माझ्या पोटात काही उरतच नाही. हा माणूस सगळं पोटात ठेवतो. असल्या माणसापासून जपून राहावं. मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय. मला काही वाटतंय म्हणून नाही.

आणि आपल्या कॅन्टीनचा रिवाज त्याला माहीत तरी आहे का? वाईट चहा आणि पोकळ बोलणं आपण एकाच मापानं मोजतो, हा रिवाज दुसरीकडे कुठे नाही. सकाळचा चहा दुपारी पुन्हा तापवला तर तो 'तारीख पडलेला चहा'. एखादा वकील अर्धा तास बोलून मुद्द्यावर आला नाही की कुठल्यातरी टेबलावरून आवाज येणारच, "तारीख पडली!" जिच्यात पावडर नुसती हजर असते ती 'साक्षीची कॉफी'. बघतो, करतो, सांगतो असं म्हणणारा माणूसही साक्षीचाच. आणि सगळ्यांत तळाला 'विसळवणी'. कप विसळलेलं पाणी, आणि वकिलांच्या निवडणुकीतली भाषणं.

या इमारतीत हे शब्द माझ्यामुळे चालतात. साहेबलोकसुद्धा बंद दाराआड वापरतात. तू तिकडे वापरत असशील तर खुशाल वापर, माझी ना नाही. फक्त कुणाचे आहेत ते सांगत जा. घुम्यालाही सांग.

बाकी ठीक. जिन्याशेजारी कोर्टाच्या ऑफिसानं चहाचं मशीन बसवलंय. बटण दाबलं की कप भरतो. निव्वळ विसळवणी. त्याच्यापुढे रांग दिसते ती कुतूहलापोटी. आठवडा झाला, लोकांचं कुतूहल अजून भागलेलं नाही.

गाळण्याचं तू कळवलं नाहीस.

तुझा,
अहो


गुरुवार, १९ मार्च

अगं,

आज ताईनं फोन उचलला आणि चक्क आंघोळ सोडून दुसरं काहीतरी बोलली. म्हणाली, "ती आता खूप हसते हो. तिला इतकं हसताना मी लहानपणानंतर आज बघतेय." हे ऐकून मला बरं वाटावं असं तिला वाटलं असणार. बरं वाटलं. मग फोन ठेवला आणि दोन कप फोडले. मुद्दाम नाही, हातातून सुटले.

तू हसतेस कशाला? घुम्या तर बोलत नाही. मग विनोद कोण करतं तिथे? डेपोत कुणी हजरजबाबी कंडक्टर आहे का? साडूभाऊ तर नक्की नव्हेत. त्यांचे विनोद इतके पाणचट असतात की त्यांच्या लग्नातसुद्धा फक्त मीच हसलो होतो, तेही तुझ्याकडे बघायला मिळावं म्हणून.

इथे हसणं जरा कमी झालंय. परवा मी त्या मशीनच्या चहाला नाव दिलं. 'बटणचहा.' गल्ल्यावरून चांगलं ठणकावून सांगितलं. कुणी हसलं नाही. थोरले वकील 'हं' म्हणाले. मी पुन्हा सांगितलं, जरा हातवारे करून. तेव्हा तेही 'हं' म्हणायचे थांबले. एवढ्यात ती टायपिस्टबाई, जी रोज मधल्या खिडकीला चिकटलेल्या टेबलावर डबा खाते, ती मान वर न करता म्हणाली, "मालक, आज खिडकीतून काही आलं नाही वाटतं."

मी विचारलं, म्हणजे काय? तर म्हणाली, "मी इथंच बसते ना हो इतकी वर्षं. आधी वहिनी आत पुटपुटायच्या. मग तुम्ही बाहेर मोठ्यानं म्हणायचात. मी तर आतलं ऐकूनच हसून घ्यायची, तुमच्या वेळेला माझा घास चाललेला असायचा."

आता या बाईला काय बोलावं? जन्म टाइपरायटरवर गेला, कानात खडखडाट बसलाय, तिला काय ऐकू येणार! आणि समजा तू पुटपुटत असशील. बायका कामात पुटपुटतातच. पण मोठ्यानं म्हणणारा तर मीच होतो ना? पुटपुटलेल्याला जग हसत नाही. नाटकात आतून सांगणारा असतो म्हणून टाळ्या काही त्याला पडत नाहीत. मी तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तारीख पडली, मालक," आणि डबा बंद करून गेली.

त्यावर मात्र लोक हसले.

मला फक्त एका गोष्टीचं उत्तर दे. तू तिकडेही पुटपुटतेस का? आणि घुम्याला ते ऐकू येतं का? एवढं एक कळव, बाकी काही लिहू नकोस.

ठेक्याची मुदत महिनाअखेर संपते. फेरअर्ज भरायचाय. ऑफिसातले म्हणाले, भराल तेव्हा भरा, पण वहिनी येणार आहेत ना? मी म्हटलं, म्हणजे काय, येणारच. तेव्हा माझं म्हणणं खोटं पाडू नकोस.

तुझा,
अहो


शनिवार, २८ मार्च

अगं,

शेगडीचा बर्नर गेला, म्हणून बुधवारी मी तुमच्या गावी आलो होतो. तसला बर्नर आपल्या गल्लीच्या टोकालाही मिळतो, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकतो. बर्नर गेलेलाही नाही.

डेपोत उतरलो. कॅन्टीन शोधावं लागलं नाही, आवाज येतच होता. टोपी कपाळावर ओढली आणि दाराजवळच्या खांबामागे, गल्ल्याकडे पाठ करून बसलो. वाटलं होतं, तू आत शेगडीपाशी असशील आणि तो गल्ल्यावर. हळूच वळून त्याला एकदा नीट बघून घ्यावं, एवढाच हेतू होता.

चहा आणून ठेवला तो त्यानंच. अंगात ॲप्रन. काय घेणार, हेही विचारलं नाही, कप ठेवला आणि गेला. केस आहेत. कानही मोठे आहेत. एवढे कान घेऊन माणूस बोलेल कशाला. चहा प्यायलो. तुझा नव्हता, पण चांगला होता. हे लिहिताना हात जड झालाय, म्हणून एकदाच लिहितो.

मग गल्ल्यावरून आवाज आला, "सुट्टे नसतील तर उद्या द्या, पळून कुठे जाल, गाडी तर इथेच मुक्कामाला येते." आणि माणसं हसली. आवाज तुझा होता. मला आधी ओळखूच आला नाही. इतक्या मोठ्यानं तू बोलतेस हे मला कुठे माहीत होतं!

तेवढ्यात तो डेपोचा इन्स्पेक्टर आला आणि उभ्यानंच सगळ्यांना शिस्तीवर ऐकवायला लागला. वेळेचं महत्त्व, संस्थेचं नाव, प्रवाशांची सेवा, पुन्हा वेळेचं महत्त्व. सगळ्यांचे चहा निवले. माझ्या टेबलावरच्या ड्रायव्हरनं हळूच माझ्या कानात सांगितलं, "पाव्हणं, ही उतारावरची गाडी. वहिनींचा शब्द आहे. इंजिन बंद, तरी गाडी चालूच. आणि फिक्कट चहा असला तर त्या म्हणतात, रेडिएटरचं पाणी उतरवलं." मी म्हटलं, बरं आहे. मला काही हसू-बिसू आलं नाही. शब्द कसाही असो, तो म्हणायचा कधी हे जमावं लागतं, मी या धंद्यात मुरलेला माणूस आहे.

इन्स्पेक्टर बोलून थकला. त्याला पुढचं सुचेना. घसा खाकरला, कॅन्टीनभर नजर टाकली. आणि माझ्या पाठीमागून, नाण्यांच्या खुळखुळाटातून, तुझा अगदी शांत आवाज आला, "सपाटी लागली वाटतं."

अगं, मी हसलो. सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. चहा नाकातून आला. ड्रायव्हर पाठीवर थापट्या मारायला लागला. इन्स्पेक्टरसुद्धा हसला, बिचाऱ्याला दुसरा मार्गच नव्हता.

हशा ओसरला आणि मग मला जे वाटलं ते सरळ लिहितो. मत्सर वाटला. इतके दिवस समजत होतो की मी त्या घुम्यावर जळतोय. तोही जळण्यासारखा आहेच, त्यात वाद नाही. पण तेव्हा मी तुझ्यावर जळलो. तो हशा माझ्या कानांना ओळखीचा होता. वर्षानुवर्षं तो माझ्याकडे तोंड करून यायचा. आता तो माझ्या पाठीमागून येत होता, आणि मी टोपी ओढून खांबाआड.

खांबाच्या कडेनं वळून बघितलं. तुझ्याकडे बघायचा धीर झाला नाही, म्हणून त्याच्याकडे बघितलं. आणि बघितलं ते असं. तू बोलायला तोंड उघडलंस की तो शेगडी बारीक करतो. ती मोठी शेगडी केवढी घोंघावते तुला ठाऊक आहे. तू बोलायला लागलीस की त्याचा हात आपोआप खाली जातो, जाळ उतरतो, आवाज थांबतो. तुझं वाक्य संपलं, लोक हसले, की पुन्हा मोठी करतो. दूध उतू जाईल, चहाला वेळ लागेल, गिऱ्हाईक खोळंबेल, त्याला पर्वा नाही. तुला ते कळतं का, मला माहीत नाही. कदाचित तू कधी तिकडे बघितलंही नसशील.

माझ्या गल्ल्यावरून मी रोज खिडकीत तोंड घालून ओरडायचो, शेगडी मोठी कर, लोक खोळंबलेत. आणि तू ती मोठी करायचीस.

केसांवर मात करता येते, गं. गप्पांवर तर येतेच. पण याच्यावर मी काय करणार? तो माणूस एक शब्द न बोलता माझ्यापुढे निघून गेला आणि मला त्याला नाव ठेवायला एक शब्द सुचला नाही. पैसे कपाखाली ठेवले आणि मागच्या दारानं निघालो. बसमध्ये शेजारचा प्रवासी बोलका होता. मी त्याच्याशी अवाक्षर बोललो नाही. तो मला घुम्या समजला असेल.

तुझा,
अहो


सोमवार, ६ एप्रिल

अगं,

तुझं कार्ड आलं. इतक्या दिवसांनी दोन ओळी. 'खांबामागे कोण हसलं ते तेव्हाच ओळखलं. इतक्या मोठ्यानं दुसरं कोण हसतं? पण हसलात कशाला, ते कळवा.'

टायपिस्टबाईला दाखवलं. ती म्हणाली, नीट विचार करून उत्तर द्या. म्हणून चार दिवस लागले.

हसू आलं म्हणून हसलो. बायको बोलतेय हे मनात यायच्या आत हसलो. आलं असतं तर कदाचित हसलो नसतो, हेही तुला माहीत आहे, म्हणूनच तू विचारलंस. तू माझ्यापेक्षा चांगलं बोलतेस. मी पसरतो, तू नेमकं बोलतेस. 'विसळवणी' तुझी. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्या घरचा चहा प्यायलीस तेव्हा कपात बघून म्हणाली होतीस, मी दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये जाऊन सांगितलं होतं. साक्षीची कॉफी, बरं, तीही तुझी. 'तारीख पडलेला चहा' कुणाचा, यावर मी अजून भांडेन. कदाचित हरेन.

ठेक्याचा अर्ज मी भरला नाही. थोरले वकील खूप समजावत होते. म्हणाले, वहिनींना बोलवा, मिटवून टाका. मी त्यांना म्हटलं, बोलावलं तर ती येईलही. आली की शेगडीपाशी जाईल, मी गल्ल्यावर चढून बसेन, दोन दिवस गोड वागेन आणि तिसऱ्या दिवशी खिडकीत तोंड घालून ओरडेन. मी स्वतःला चांगलं ओळखतो, वकीलसाहेब, मला जामीन राहू नका. ते म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा मुद्द्याचं बोललात.

तेव्हा 'ये' असं मी लिहीत नाही.

मीच येऊ का? डेपोत कप विसळायला माणूस लागत असेलच. त्या कामात बोलावं लागत नाही. आणि बोललो तर तू आहेसच, मला गप्प करायला तुला फार तर दोन शब्द लागतात. घुम्याला मी काही म्हणणार नाही. रोज त्याच्याकडे बघून माझा जळफळाट होईल, तो काही बंद व्हायचा नाही, तेवढी सूट द्यावी लागेल. पण जळायचंच आहे तर इथे एकट्यानं कशाला? तुझ्या समोर उभा राहून जळेन.

नको म्हणालीस तरी चालेल. पण तसं असेल तर ताईकडून आंघोळीचा निरोप पाठवू नकोस. स्वतः बोल. मी ऐकतोय.

तुझा,
अहो